चार महिने सिगारेट बंद, तरी तलफ येते आणि ग्रुप थंड पडलाय: काय करावं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तुम्ही सहा जणांनी एकाच दिवशी सिगारेट सोडली, व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढला, रोज सकाळी प्रत्येक जण आपल्या दिवसांचा आकडा टाकायचा. त्याला आता चार महिने झाले. सहापैकी दोघं पुन्हा ओढायला लागलेत, एक उघड आणि एक लपून. ग्रुपवर फक्त सुप्रभातची फुलं येतात. पंधरा वर्षं रोज दहा-बारा ओढणारे तुम्ही अजून टिकून आहात, पण सेकंड शिफ्ट सुटल्यावर रात्री अकराला गेटसमोरच्या ठेल्यावर चहा घेताना तलफ येतेच. मागच्या आठवड्यात एकाच्या हातातली घेऊन दोन झुरके मारले. ग्रुपवर सांगितलं नाही, दुसऱ्या दिवशी आकडा मात्र टाकला. आता तुम्ही विचारताय: माझ्यातच काही कमी आहे का, मोजणी शून्यापासून धरायची का, ग्रुप सोडून देऊ का, आणि मित्र म्हणतो तसा त्यापेक्षा तंबाखू-सुपारीचा खर्रा बरा का.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकते: नाही. कारण पुढे सांगते.

नागपुरात तंबाखू सोडू पाहणाऱ्यांचं समुपदेशन मी बरीच वर्षं करतेय आणि त्यातलं निम्मं काम गटांबरोबरचं आहे. त्या अनुभवावरून वाटतं की तुमची खरी अडचण तलफेची नसावी. तलफ येणारच होती. पण ती आली तेव्हा खिशात पाच जणांचे नंबर असून तुम्ही एकालाही फोन केला नाही, आणि नंतर सांगायची तर सोयच उरली नाही. तुमच्या ग्रुपचा हजेरीपट झालाय. हजेरीपटात माणूस हजर असतो नाहीतर गैरहजर. ‘आज फार जड जातंय’ असं लिहायला त्यात रकाना नसतो.

काही गोष्टी तुम्ही लिहिल्या नाहीत आणि त्यांच्यावर बरंच अवलंबून आहे. सकाळी उठल्यावर पहिली सिगारेट किती वेळात लागायची? अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर निकोटीनची पकड घट्ट होती असं आम्ही धरतो, मग दिवसाला दहा असोत की वीस. घरात आणखी कोणी ओढतं का? दारू किती वेळा होते? पूर्वी कधी नैराश्यासाठी किंवा फिट्ससाठी औषधं चालू होती का? यातल्या एखाद्याचं उत्तर ‘हो’ असेल, तर मी खाली लिहितेय त्यावर भागवू नका, डॉक्टरांना प्रत्यक्ष भेटा.

आता तलफेबद्दल. निकोटीन शरीरातून लवकर जातं. रक्तातलं प्रमाण साधारण दोन तासांत निम्मं होतं, दोन-तीन दिवसांत जवळजवळ संपतं. सोडल्यावरची चिडचिड, बेचैनी, झोप उडणं, सारखी भूक हे पहिल्या आठवड्यात जोरात असतं आणि तीन-चार आठवड्यांत ओसरतं. मेंदूत निकोटीन ज्या जागी जाऊन बसतं, त्या जागा ओढणाऱ्यांत वाढलेल्या असतात. त्याही साधारण दीड ते तीन महिन्यांत कमी होऊन पूर्ववत होतात. म्हणजे चार महिन्यांनी ठेल्यावर येते ती तलफ निकोटीनच्या तुटवड्याची नाही, सवयीच्या आठवणीची आहे. हिशेब करून बघा: दिवसाला दहा सिगारेटी, एकीला दहा झुरके, अशी पंधरा वर्षं. पाच लाखांच्या वर झुरके झाले, आणि प्रत्येकानंतर दहा-वीस सेकंदांत निकोटीन मेंदूत पोहोचलंय. शिफ्ट सुटली, पाय दुखतायत, कानात अजून मशीन घुमतेय, हातात चहाचा ग्लास आणि शेजाऱ्याने काडी ओढली, की मेंदू पुढचा भाग आपोआप मागतो. तुमच्यात काही कमी आहे असं यातून मुळीच निघत नाही. सहा-आठ महिन्यांनी, वर्षानेसुद्धा अशी एखादी तलफ येते. फरक इतकाच की ती विरळ होत जाते आणि बहुतेकांत पाच-दहा मिनिटांत उतरते. ओढली नाही तरी उतरते, हे पहिल्या महिन्यात कोणालाही पटत नाही.

तुम्ही लिहिलंय की झोपही नीट लागत नाही आणि दिवसाला सात-आठ चहा होतात. इथे एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. सिगारेटच्या धुरामुळे लिव्हर कॅफीनचा निचरा नेहमीपेक्षा जलद करतं. धूर बंद झाला की काही दिवसांतच तो वेग उतरतो, आणि चहा तेवढाच राहिला तरी रक्तातलं कॅफीन आधीपेक्षा बरंच वाढतं. छातीत धडधड, हात थरथरणं, झोप न लागणं हे सगळं माणूस ‘सिगारेट सोडल्याचा त्रास’ समजतो, आणि त्यावर उपाय म्हणून सिगारेटच आठवते. तुमचे सात-आठ चहा निम्म्यावर आणा, रात्री अकराचा तर आधी बंद करा. मानसिक आजाराची किंवा दम्याची काही ठरावीक औषधं घेणाऱ्यांनी तर सिगारेट सोडल्याचं डॉक्टरांना सांगायलाच हवं, कारण त्यातल्या काहींचा डोसही याच कारणाने कमी करावा लागतो.

ग्रुपकडे येते. माझ्या गटांत मी एकच नियम कडकपणे पाळायला लावते: फोन ओढायच्या आधी करायचा. ओढून झाल्यावरही करा, कोणी रागावणार नाही, पण आधीचा फोन वाचवतो. आणि ज्याला फोन येतो त्याच्यासाठी दुसरा नियम असतो, जो पाळणं पहिल्यापेक्षा कठीण जातं. उपदेश करायचा नाही. ‘अरे चार महिने काढले ना तू, आता कायले ओढते?’ हे वाक्य प्रेमापोटी येतं, पण समोरचा त्याने गप्प होतो. कॅन्सरचे फोटो पाठवणं तर अगदीच बंद. पाकिटाच्या दर्शनी बाजूच्या 85 टक्के भागावर चित्रासह इशारा 2016 पासून छापलेला आहे. ते बघूनच तो ओढत होता. फोन उचलणाऱ्याचं काम एवढंच की समोरच्याला दहा मिनिटं बोलतं ठेवायचं, ठेल्यापासून चार पावलं दूर न्यायचं, आणि फोन ठेवताना विचारायचं, ‘आता तलफ कशी आहे?’

आमच्या एका गटात एक ऑटोवाले होते आणि एक निवृत्त मास्तर. ऑटोवाल्यांना तलफ यायची ती स्टेशनबाहेर गाडीची वाट बघत रांगेत उभं असताना. ते मास्तरांना फोन लावायचे. मास्तर सिगारेटचं नावही काढायचे नाहीत. कोणती गाडी किती लेट आहे, कॉटन मार्केटात संत्र्याचा भाव काय चाललाय, मुलीला गणित जमतंय का, असं काहीबाही विचारत बसायचे. मला सुरुवातीला वाटायचं की यात समुपदेशन कुठे आहे. पण तलफेला लागतात ती दहा मिनिटं ती अशीच जात होती. पुढे मास्तरांनाच एका लग्नात अवघड झालं तेव्हा फोन उलट्या दिशेने गेला. ऑटोवाल्यांनी गाडी बाजूला लावून अर्धा तास त्यांना भंडाऱ्याच्या एका भाड्याची भांडणं ऐकवली.

संशोधन काय म्हणतं तेही सांगते, कारण ‘ग्रुपने खरंच फरक पडतो का’ असं मला नेहमी विचारलं जातं. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम या गावातल्या लोकांचा हृदयरोगासाठी कित्येक दशकं अभ्यास चालू आहे. त्याच माहितीवरून 2008 मध्ये निघालेल्या एका निबंधात दिसलं की नवरा-बायकोपैकी एकाने सोडली तर दुसऱ्याची ओढत राहण्याची शक्यता 67 टक्क्यांनी घटते, मित्राने सोडली तर 36 टक्क्यांनी, आणि लहान कंपनीतल्या सहकाऱ्याने सोडली तर 34 टक्क्यांनी. माणसं एकेकटी सोडत नव्हती, टोळकीच्या टोळकी सोडत होती. एकट्याने पुस्तिका वाचून सोडण्यापेक्षा गटात सोडणाऱ्यांना यश जास्त मिळतं, हेही चाचण्यांतून दिसलंय. मात्र नुसता एक जोडीदार नेमून दिला की झालं, असं ठामपणे सिद्ध झालेलं नाही. माझाही अनुभव तसाच आहे. जोडी टिकते ती मागे भेटणारा गट असेल तरच. नाहीतर दोघंही एकाच संध्याकाळी ठेल्यावर सापडतात.

तुमच्या बाबतीत आणखी एक घोळ आहे, शिफ्टचा. सहा जण तीन शिफ्टमध्ये विखुरलेले, त्यात बऱ्याच कारखान्यांत मोबाइल गेटवरच जमा करावा लागतो. मग ‘ग्रुपवर टाक’ या सल्ल्याला अर्थ उरत नाही, कारण वाचणारा एक तर झोपलेला असतो नाहीतर मशीनवर. म्हणून जोड्या शिफ्टप्रमाणे पाडा आणि शिफ्ट फिरली की जोडीही बदला. आत असताना तोंडी सांगायचं. बाहेर पडल्यावर लांबलचक मेसेज नको, ‘आत्ता’ एवढा एक शब्द पुरे, आणि तो दिसला की ज्याला शक्य असेल त्याने फोन लावायचा. रोजचा आकडा बंद करा असं मी सुचवेन. त्याऐवजी आठवड्यातून एकदा सगळे भेटा, प्रत्यक्ष. सुट्टीच्या सकाळी फुटाळ्यावर किंवा अंबाझरीला फिरायला गेलात आणि येताना तर्री-पोहे खाल्ले, तरी चालेल. तिथे प्रत्येकाने दोनच गोष्टी सांगायच्या: या आठवड्यात सगळ्यात जड कधी गेलं, आणि तेव्हा काय केलं.

तुमच्या त्या दोन झुरक्यांबद्दल. मोजणी शून्यावर आणू नका. चार महिन्यांत फुप्फुसांनी आणि रक्तवाहिन्यांनी जे कमावलं ते दोन झुरक्यांनी पुसलं जात नाही. पण ‘काही झालंच नाही’ असंही म्हणू नका. घसरलेल्या माणसाच्या डोक्यात त्या रात्री एकच वाक्य घोळतं: आता तुटलीच आहे तर अख्खी ओढू. माझ्याकडे परत आलेल्यांपैकी बहुतेकांचं पहिल्या झुरक्याने फारसं बिघडलं नव्हतं. तो लपवण्यात गेलेल्या दहा-पंधरा दिवसांत बिघडलं. ज्याने लपवलं तो फोन करत नाही, आणि फोन न करणारा पुढच्या तलफेला एकटा असतो. म्हणून या रविवारी तुम्हीच आधी सांगा. कबुलीजबाब द्यायची गरज नाही. कुठे होतो, किती वाजले होते, बरोबर कोण होतं आणि त्याआधी दिवसभरात काय झालं होतं, एवढ्या चार गोष्टी. शेवटची सगळ्यात कामाची. बहुतेक वेळा त्यात उपाशीपोटी ओव्हरटाइम, सुपरवायझरशी खटका नाहीतर दोन पेग निघतात. तुमच्या लिहिण्यावरून वाटतं की त्या रात्री जेवण झालेलं नव्हतं. डब्यातली एक पोळी सुटण्याआधी खायला ठेवा, इतका साधा उपायही तिथे लागू पडतो.

आणि ती दुसऱ्याच्या हातातलीच होती, हेही ध्यानात घ्या. सोडलेला माणूस सहसा पाकीट विकत घेत नाही, त्याला एक सुट्टी नाहीतर कोणाचे दोन झुरके पुरतात. महाराष्ट्रात सुट्ट्या सिगारेटी आणि बिड्या विकायला 2020 पासून बंदी आहे. ठेल्यावर ती किती पाळली जाते ते तुम्ही रोज बघता. तेव्हा कायद्याच्या भरवशावर न राहता ठेलेवाल्यालाच सांगून ठेवा, ‘भाऊ, मी मागितली तरी मले देऊ नको.’ हसतात ते, पण बरेच जण पाळतात. एकाने तर आमच्या एका सदस्याला सगळ्यांसमोर नाही म्हणून परत पाठवलं होतं.

ग्रुपमधल्या त्या दोघांना काढू नका. जो उघडपणे ओढतोय त्याच्यापासून तुम्हाला धोका आहे असं वाटणं स्वाभाविक आहे. त्याच्यासाठी एवढंच ठरवा की ग्रुपच्या माणसांसोबत असताना तो पेटवणार नाही. बाकी तो राहू दे. सोडणारे बहुतेक जण एका फटक्यात सोडत नाहीत, त्यांचे अनेक प्रयत्न होतात, आणि पुढच्या प्रयत्नाच्या वेळी त्याला परतायला ओळखीची जागा लागते. जो लपून ओढतोय त्याला ग्रुपवर विचारू नका, एकटं गाठा. स्वतःचे दोन झुरके त्याला सांगा आणि थांबा. तो बोलेल. आमच्या एका जुन्या गटात मारबतीच्या दिवशी, म्हणजे नागपुरात ‘रोगराई घेऊन जा’ म्हणत मारबतीचा पुतळा जाळतात त्या दिवशी, एकाने लिहिलं होतं, ‘खोकला, उधारी, बिडी घेऊन जा गे मारबत!’ आणि त्याखाली तीन महिने गायब असलेल्या माणसाने ‘माही पण घेऊन जाय’ असं उत्तर दिलं होतं. चिडवण्याची जागा शिल्लक असली की माणूस परत येतो.

त्या दोघांना पुन्हा सोडताना कदाचित औषधाची मदत लागेल. तुम्हाला चार महिन्यांनी नव्याने निकोटीन गम सुरू करायची गरज बहुधा नाही. त्यांना मात्र सांगा की गम च्युइंगगमसारखी चघळत राहायची नसते. चार-सहा वेळा हळू चावायची, तोंडात झिणझिणी आली की गाल आणि हिरडीच्या मधे ठेवून द्यायची, झिणझिणी गेली की पुन्हा चावायची, असं अर्धा तास. सतत चघळली तर निकोटीन पोटात जातं, उचकी आणि जळजळ होते, आणि माणूस ‘मले नाही जमत’ म्हणून फेकून देतो. गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा, कॉफी, कोल्ड्रिंक नको, नाहीतर ती नीट शोषली जात नाही. व्हॅरेनिक्लीन आणि ब्युप्रोपिऑन या गोळ्याही आहेत, पण त्या डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच. फिट्सचा त्रास असलेल्याला ब्युप्रोपिऑन देत नाहीत.

आता खर्रा. 2016-17 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ 3.8 टक्के निघाले आणि बिनधुराचा तंबाखू खाणारे 24.4 टक्के. म्हणजे आपल्याकडे सिगारेट सोडणाऱ्याच्या आजूबाजूला ओढणाऱ्यांपेक्षा घोटणारे कितीतरी जास्त असतात, आणि ‘त्यापेक्षा हा घे’ म्हणणारा हात हमखास पुढे येतो. खर्ऱ्यात तंबाखू असतो, चुना असतो आणि सुपारी असते. चुन्यामुळे निकोटीन तोंडाच्या आतल्या त्वचेतून चटकन रक्तात जातं, म्हणजे चार महिन्यांत मोडलेलं व्यसन दुसऱ्या दाराने आत येतं. सुपारी तर तंबाखूशिवायही कर्करोगकारक ठरलेली आहे. तिच्यामुळे तोंड हळूहळू आवळत जातं आणि पुढे घास घालण्याइतकंही उघडत नाही. असे रुग्ण विदर्भातल्या कोणत्याही दंतवैद्याला विचारा. गेल्या काही वर्षांत माझ्याकडे सिगारेटमुळे येणाऱ्यांच्या बरोबरीने सिगारेट सोडून खर्ऱ्यावर गेलेले लोक येतात, आणि खर्रा सोडवणं मला तरी जास्त अवघड गेलंय. तो दिवसभर गालात असतो आणि त्याला ब्रेकचीही गरज नसते.

आतापर्यंतचं एकत्र सांगायचं तर: तलफ येणं स्वाभाविक आहे, झुरके सांगून टाका, आकडा बंद करून भेटणं सुरू करा, जोड्या शिफ्टप्रमाणे पाडा, चहा निम्मा करा आणि खर्ऱ्याकडे वळू नका. राहिला ठेला. तो कायमचा सोडा असं मी म्हणणार नाही, शिफ्टनंतरच्या दहा मिनिटांच्या गप्पा तिथेच होतात आणि त्या तोडल्या तर एकटेपणा वाढतो. पण पुढचा महिना-दीड महिना जागा बदला. गेटवरून सरळ बसकडे किंवा गाडीकडे जा आणि गप्पा तिथे उभ्याने मारा. ज्या रात्री जोडीदार सुट्टीवर असेल त्या रात्री तर थांबूच नका. लग्न किंवा पार्टी असेल तर दारू नसलेल्या टेबलावर बसा. दोन पेगनंतर ‘एकानं का होते’ हे वाक्य कोणाच्याही तोंडून बाहेर पडतं, स्वतःच्यासुद्धा.

बायकोला तुम्ही अजून काही सांगितलेलं नाही असं दिसतं. सांगा, पण काय हवंय तेही सोबत सांगा: शर्टाचा वास घेऊ नको, अकरानंतर माझा फोन आला तर उचल. घरच्यांना मदत करायची असते, पण काय करायचं ते कळलं नाही की ते पाळत ठेवायला लागतात.

दोन-तीन आठवडे सलग मन उदास राहिलं, कशातच रस वाटेना, जगणं नकोसं वाटायला लागलं, तर ते सिगारेट सोडल्यामुळे होतंय असं समजून अंगावर काढू नका. नागपुरातल्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या मानसोपचार विभागात जाऊन दाखवा.

आणि ग्रुपमधलं कोणी उचलत नसेल तेव्हासाठी सरकारची मोफत हेल्पलाइन मोबाइलमध्ये ठेवा: 1800-11-2356. ती सकाळी आठ ते रात्री आठ चालते आणि सोमवारी बंद असते. म्हणजे तुमच्या रात्री अकराच्या वेळेला ती नाही. सेकंड शिफ्ट लागेल त्या आठवड्यात रात्रीचा फोन कोण उचलणार, ते शिफ्टचा तक्ता लागतो त्याच दिवशी नाव घालून ठरवून टाका.